ओळ कुठे संपते: आयात प्रकल्पाच्या नोंदी

२ जून, सोमवार

रात्रीचं आयातीचं काम (बाहेरून आलेल्या फाइली आत घेणारी स्क्रिप्ट) बंद पडलंय. सर्व्हरच्या लॉगमध्ये एकच ओळ: ‘/बिन/बॅश^एम: बॅड इंटरप्रिटर: नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’. शुक्रवारी संध्याकाळी स्क्रिप्टमध्ये बदल झाला होता, तोही एका फोल्डरचं नाव बदलण्यापुरता. बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या गिटमध्ये ते कमिट, म्हणजे तो नोंदवलेला बदल, उघडून पाहिलं तर अख्खी फाइल लाल-हिरवी. एक ओळ बदलली आणि गिटच्या मते सगळ्याच बदलल्या.

दोन्ही लक्षणं एकाच दुखण्याची. स्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम, बॅश, जागेवर आहे, परवानग्याही ठीक आहेत. स्क्रिप्ट कोणत्या प्रोग्रॅमने चालवायची ते तिच्या पहिल्या ओळीत असतं. कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, ती ओळ एलएफपर्यंत (लाइन फीड) वाचतो, म्हणजे १० क्रमांकाच्या बाइटपर्यंत. त्याच्या आधी १३ क्रमांकाचा सीआर (कॅरेज रिटर्न) येऊन बसला असेल तर कर्नलच्या लेखी तो प्रोग्रॅमच्या नावातलाच एक बाइट. त्यामुळे तो ‘/बिन/बॅश’ शोधतच नाही. शेपटाला न दिसणारा बाइट लागलेलं भलतंच नाव शोधतो आणि ते कुठेच नसतं. लॉगमधला ‘^एम’ म्हणजे तोच सीआर: इंग्रजी वर्णमालेतलं तेरावं अक्षर, कंट्रोल दाबून.

फाइलीतले बाइट दाखवणारी आज्ञा, ओडी -सी, लावून पाहिलं. प्रत्येक ओळीच्या शेवटी ‘\आर \एन’, म्हणजे सीआर आणि एलएफ, एकही अपवाद नाही. म्हणजे हाताने चुकून घुसलेला बाइट नव्हे. कुठल्या तरी एडिटरने सेव्ह करताना पूर्ण फाइल विंडोजच्या पद्धतीने, दोन्ही बाइट मिळून सीआरएलएफ, अशी लिहिली.

रात्रीचं काम अडायला नको म्हणून सर्व्हरवरच्या प्रतीवर डॉसटूयुनिक्स (सीआरएलएफचा एलएफ करणारं साधन) चालवून ते सुरू करून दिलं. हा इलाज पुढच्या डिप्लॉयपर्यंतच, म्हणजे सर्व्हरवर नवी प्रत चढेपर्यंतच टिकणार, कारण रिपॉझिटरीतली (प्रकल्पाच्या सामायिक साठ्यातली) फाइल आहे तशीच आहे. इश्यू (करायच्या कामाची नोंद) उघडून ठेवला.

३ जून, मंगळवार

ज्याच्याकडून बदल आला त्याच्याशी बोललो. त्याने काहीच वावगं केलेलं नाही. विंडोजवर काम करतो, एडिटर नव्याने बसवला, त्यात ‘सेव्ह करताना सीआरएलएफ’ हा पर्याय आधीपासून चालू. गिटमध्ये ओळीचे शेवट बदलायचे का हे ठरवणारी सेटिंग, कोअर.ऑटोसीआरएलएफ, ‘फॉल्स’, म्हणजे ‘मी देतो तसं ठेव’. गिटने तसंच ठेवलं.

मग बाकीच्यांच्या सेटिंग विचारल्या. विंडोजवर गिट बसवताना इन्स्टॉलर हा प्रश्न विचारतो, आणि आधीपासून निवडलेला पर्याय ‘ट्रू’ असतो: फाइली घेताना सीआरएलएफ, कमिट करताना एलएफ. कुणी तो तसाच ठेवला, कुणी ‘फॉल्स’ केला, कुणाकडे ‘इनपुट’ (फक्त कमिट करताना एलएफ) आहे. लिनक्सवाल्यांनी या सेटिंगचं नावही ऐकलेलं नाही. फाइल प्रकल्पाची, पण तिची ओळ कशी संपणार हे ज्याच्या त्याच्या मशीनवर ठरतंय. असं असताना इतके दिवस निभावलं कसं, याचंच नवल.

नव्याने आलेल्या सहकाऱ्याने विचारलं, की मुळात दोन पद्धती आल्या कुठून? थोडक्यात नोंदवतो, म्हणजे पुन्हा सांगायला नको. टेलिटाइपवर, म्हणजे तारेने जोडलेल्या जुन्या छपाई यंत्रावर, सीआर आणि एलएफ ही दोन वेगळी कामं होती. सीआर मुद्रण-डोकं डावीकडे नेतो, एलएफ कागद एक ओळ वर सरकवतो. टेलिटाइप मॉडेल ३३ सेकंदाला १० अक्षरं छापायचं आणि डोकं परत यायला त्याहून जास्त वेळ लागायचा, म्हणून सीआर आधी पाठवायचा. मल्टिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमने फाइलीत फक्त एलएफ ठेवायचं आणि यंत्राला काय हवं ते ड्रायव्हरने बघायचं असं ठरवलं. युनिक्सने तेच उचललं. डॉसच्या आधीच्या सीपी/एमने दोन्ही बाइट फाइलीतच ठेवले, तिथून ते डॉसमध्ये आले आणि डॉसमधून विंडोजमध्ये. जुन्या मॅकवर नुसता सीआर होता, मॅक ओएस टेनपासून तिथेही एलएफ.

मला यातली मल्टिक्सची विभागणी शहाणपणाची वाटते. पण विंडोजला नावं ठेवून आपलं काम पुढे सरकणार नाही.

४ जून, बुधवार

आज मोजदाद. ‘गिट एलएस-फाइल्स --ईओएल’ ही फार कामाची आज्ञा, आणि ती फारशी कुणाला माहीत नसते. प्रत्येक फाइलीसमोर तीन रकाने येतात: इंडेक्समध्ये (म्हणजे रिपॉझिटरीत) ओळ कशी संपते, प्रत्यक्ष फोल्डरात कशी संपते, आणि कोणता नियम लागू आहे. आपल्याला पहिलाच रकाना हवा. दुसरा ज्याच्या त्याच्या मशीनवर वेगळा दिसणार.

बहुतेक फाइली ‘आय/एलएफ’. काही ‘आय/सीआरएलएफ’. मूठभर ‘आय/मिक्स्ड’. यांचं मला जास्त वाईट वाटतं, कारण एकाच फाइलीत दोन्ही प्रकारच्या ओळी असणं म्हणजे दोघांनी आपापल्या एडिटरमधून तुकडे चिकटवलेत आणि कुणाला पत्ता नाही. बहुतेक एडिटरच्या खालच्या पट्टीवर ‘सीआरएलएफ’ किंवा ‘एलएफ’ असं एकच उत्तर येतं, मिश्रण असलं तरी.

चौथा गट ‘आय/-टेक्स्ट’, गिटच्या मते बायनरी. चित्रं यात असणारच. पण त्यांच्यात एक सीएसव्ही निघाली. साधी, दर तिमाहीला आपलीच पायथन स्क्रिप्ट तयार करते ती. साध्या मजकुराला गिट बायनरी का म्हणतंय?

बाइट पाहिले. पहिल्या नोंदीच्या शेवटी: १३, १३, १०. दुसरीच्या शेवटीही तेच. एका एलएफमागे दोन सीआर. मजकूर की बायनरी हे ठरवताना गिट शून्य बाइट आहे का ते बघतं, तसंच ‘एकटा सीआर’, म्हणजे ज्याच्या लगेच पुढे एलएफ नाही असा सीआर आहे का, हेही बघतं. तसा एक जरी सापडला तरी फाइल बायनरी धरून रूपांतरातून वगळली जाते. इथे प्रत्येक ओळीत पहिला सीआर एकटा आहे.

हे आलं कुठून तेही कळलं. पायथनचं सीएसव्ही मॉड्यूल ओळीच्या शेवटी स्वतःच सीआरएलएफ लिहितं. स्क्रिप्ट विंडोजवर चालली आणि फाइल साध्या मजकूर पद्धतीने उघडली होती. त्या पद्धतीत विंडोजवर प्रत्येक एलएफचा सीआरएलएफ होतो. मॉड्यूलने लिहिलेल्या सीआरएलएफमधल्या एलएफचाही झाला. मॉड्यूलच्या दस्तऐवजात स्पष्ट लिहिलंय की फाइल उघडताना ‘न्यूलाइन’ला रिकामी स्ट्रिंग द्या, ते आपल्या स्क्रिप्टमध्ये नाही. स्प्रेडशीटमध्ये दर दोन नोंदींच्या मध्ये एक कोरी ओळ दिसते अशी तक्रार अधूनमधून यायची, ती हीच. लोक त्या ओळी हाताने पुसत होते.

गंमत म्हणजे अशा फाइलीवर डॉसटूयुनिक्स एकदा चालवलं की ‘काही झालंच नाही’ असं वाटतं. ते सीआरएलएफची जोडी दिसली की तिचा एलएफ करतं; १३, १३, १० मधून १३, १० उरतं, आणि फाइल आहे तशी विंडोजचीच. सेडने (मजकुरात शोधून बदलणारी आज्ञा) ओळीच्या शेवटचा एक सीआर काढला तरी हीच गत. शेवटी लागोपाठ असलेले सगळे सीआर एकदम काढायला हवेत. स्क्रिप्टमध्ये ‘न्यूलाइन’ची दुरुस्ती केली, सीएसव्ही नव्याने बनवून घेतली.

५ जून, गुरुवार

बैठक झाली. अपेक्षेप्रमाणे पहिलाच सूर: “अरे, एक सेड मार सगळ्यांवर आणि मोकळा हो.”

मारता आलं असतं. पण आधी प्रत्येक प्रकारच्या फाइलीपुढे एक प्रश्न लिहायचा असं मी सुचवलं: ही फाइल शेवटी वाचतं कोण? ओळ कशी संपायला हवी हे वाचणाऱ्याच्या अपेक्षेवर ठरतं. लिहिणारा कुठल्या मशीनवर बसतो याच्याशी त्याचा संबंध नाही.

शेल स्क्रिप्ट बॅश वाचतो: एलएफ, तडजोड नाही. .बॅट फाइली विंडोजचा कमांड प्रोसेसर वाचतो, आणि नुसत्या एलएफवर तो कधी कधी ‘गोटू’चं लेबलच (उडी कुठे मारायची ती खूण) हरवून बसतो. कधी कधी, हाच त्यातला त्रास: आज चालते, वर दोन ओळी वाढवल्या की उद्या चालत नाही. तिथे सीआरएलएफ.

चाचण्यांच्या फोल्डरात ईमेलचे कच्चे नमुने आहेत. ते आपला पार्सर वाचतो, आणि त्याने तारेवरून येतं तसंच वाचावं ही अपेक्षा. एसएमटीपीत (ईमेल पाठवण्याची पद्धत) ओळ सीआरएलएफनेच संपते. तिच्या मानकाने, आरएफसी ५३२१ ने, सुटा सीआर आणि सुटा एलएफ दोन्ही पाठवायला मनाई केली आहे. ही मनाई कागदापुरती नाही. डिसेंबर २०२३ मध्ये ‘एसएमटीपी स्मगलिंग’ नावाचा हल्ला उजेडात आला तो यावरच उभा होता. पाठवणारा सर्व्हर सुट्या एलएफला ओळीचा शेवट मानत नाही, घेणारा मानतो, आणि त्या फटीतून एका पत्राच्या पोटात दुसरं पत्र आत जातं. आपल्या नमुन्यांत मुद्दाम सुटा एलएफ ठेवलेली पत्रं आहेत, पार्सर ती नाकारतो का हे बघायला. सरसकट सेड मारला असता तर ती चाचणी पास होत राहिली असती आणि तपासलं काहीच नसतं. या फोल्डराला कुणी हात लावायचा नाही: नियम ‘-टेक्स्ट’, म्हणजे गिटने इथे शेवट बदलायचे नाहीत.

पॅच फाइलींचंही (दुसऱ्या फाइलीत करायचे बदल लिहिलेल्या फाइली) तसंच. पॅचमध्ये मूळ फाइलीच्या ओळी त्यांच्या शेवटासकट असतात. पॅच बदलला की तो मूळ फाइलीवर बसत नाही.

उरलेलं सगळं: ‘* टेक्स्ट=ऑटो ईओएल=एलएफ’, म्हणजे मजकूर कोणता ते गिटने ओळखावं आणि ओळ एलएफने संपवावी. इथे थोडी वादावादी झाली. विंडोजवाल्यांचं म्हणणं, आमच्याकडे फाइल घेताना सीआरएलएफच होऊ द्या. पूर्वी हे रास्त होतं, नोटपॅडमध्ये एलएफची फाइल एकाच लांबलचक ओळीत उघडायची. पण २०१८ च्या ऑक्टोबरमधल्या विंडोज १० च्या अपडेटपासून नोटपॅडलाही एलएफ कळतो, बाकी एडिटरना आधीपासून कळत होताच. शिवाय दोघं जण एकच फोल्डर विंडोजमधून आणि डब्ल्यूएसएलमधून (विंडोजच्या आत चालणारं लिनक्स) वापरतात. त्यांच्याकडे सीआरएलएफ झाला की पलीकडे स्क्रिप्ट मोडणारच. हा मुद्दा त्यांच्यातल्याच एकाने मांडला, मग विषय मिटला.

चित्रं, फॉन्ट, झिप: ‘बायनरी’ असं स्पष्ट लिहिलं. ‘ऑटो’ ते ओळखतं, मग हे कशाला असं कुणी विचारेल. गिट २.१० च्या आधी ‘टेक्स्ट=ऑटो’च्या पुढे ‘ईओएल’ लिहिलं की ‘ऑटो’ला काही अर्थच उरायचा नाही, सगळ्या फाइली मजकूर धरल्या जायच्या. इतकं जुनं गिट कुठल्या कोपऱ्यातल्या मशीनवर पडलंय हे शोधत बसण्यापेक्षा चार ओळी लिहिणं स्वस्त.

.गिटॲट्रिब्यूट्स या नियमांच्या फाइलीत प्रत्येक नियमावर एक टीप लिहिली, ‘वाचतो: बॅश’, ‘वाचतो: कमांड प्रोसेसर’ अशी. पुढे कुणाला नियम बदलायचा झाला तर आधी त्या टिपेशी भांडावं.

६ जून, शुक्रवार

मोजदादीत ‘-टेक्स्ट’ गटात एक पीएनजी होती जी कुठेच उघडत नाही. जुनी, कुणी वापरतही नाही. तरी पाहिली, कारण पीएनजीच्या पहिल्या आठ बाइटांत नेमका हाच आजार पकडायची सोय आहे: १३७, ८०, ७८, ७१, १३, १०, २६, १०. दुसऱ्या ते चौथ्या बाइटात ‘पीएनजी’ ही अक्षरं. पुढे मुद्दाम एक सीआरएलएफ, मग डॉसमध्ये फाइलीचा शेवट समजला जाणारा २६, मग एक सुटा एलएफ. कुणी सीआरएलएफचा एलएफ केला तर १३ गायब होतो, उलटं केलं तर शेवटच्या १० च्या आधी नवा १३ येतो. दोन्हीत सही मोडते आणि वाचणारा प्रोग्रॅम फाइल तिथेच नाकारतो.

आपल्या फाइलीत ७१ नंतर थेट १०. म्हणजे कधीतरी मजकूर समजून तिचा एलएफ करण्यात आला. ती परत दुरुस्त होणार नाही. प्रत्येक १० च्या आधी १३ घालून चालत नाही. मुळातच एकटे असलेले १० कोणते आणि ज्यांचा १३ गेला ते कोणते, हे आता कुणीच सांगू शकत नाही. फाइल काढून टाकली.

दुपार मात्र भाषेच्या फाइलीने खाल्ली. विंडोजवर पॉवरशेल ५.१ मधून ‘>’ वापरून मराठी संदेशांची एक फाइल तयार झाली होती. ती आवृत्ती ‘>’ ने यूटीएफ-१६ या एन्कोडिंगमध्ये (अक्षरं बाइटांत मांडायची पद्धत) लिहिते, इथल्या प्रत्येक अक्षराला दोन बाइट. कुणीतरी आधीच तिच्यावर ‘टीआर -डी’ने सीआर पुसायचा प्रयोग केलेला. निकाल: पहिली ओळ बरोबर, तिलाच चिकटून दुसरी ओळ चिनी लिपीसारख्या चिन्हांत, तिसरी पुन्हा चोख मराठी, चौथी चिनी.

एक आड एक का, हे कागदावर मांडल्यावर कळलं. यूटीएफ-१६ मध्ये सीआरएलएफ म्हणजे १३, ०, १०, ०. टीआर बाइट बघतो, अक्षर नाही. त्याने १३ काढला, त्याच्या जोडीचा ० मागे राहिला. तिथून पुढच्या सगळ्या जोड्या एका बाइटने सरकल्या. देवनागरीच्या ‘क’चे बाइट २१ आणि ९, जोडी सरकली की ९ आधीच्या अक्षराचा आणि २१ पुढच्याचा, असं भलतंच चिन्ह तयार होतं. दुसऱ्या ओळीच्या शेवटी आणखी एक १३ गेला, एका बाइटची तूट दोनाची झाली, आणि जोड्या पुन्हा जागेवर आल्या.

याच्याही पुढची मजा ‘ऊ’मध्ये. युनिकोडमध्ये त्याचा क्रमांक यू+०९०ए, म्हणजे या फाइलीत बाइट १० आणि ९. तो पहिला बाइट आणि एलएफचा बाइट एकच. बाइटवर चालणाऱ्या साधनाला प्रत्येक ‘ऊ’पाशी ओळ संपल्यासारखी वाटते. डब्ल्यूसी -एल ओळींची संख्या जास्त दाखवत होतं, ती ‘ऊर्जा’ आणि ‘ऊन’ या शब्दांमुळे. ‘ऍ’ तर त्याहून वाईट: यू+०९०डी, बाइट १३ आणि ९. टीआर -डी त्याचा अर्धा भाग गिळतो. यूटीएफ-८ मध्ये हे होऊच शकत नाही. तिथे आस्कीतला (इंग्रजी अक्षरांचा मूळ संच) कुठलाही बाइट दुसऱ्या अक्षराच्या पोटात येत नाही, त्यामुळे १० दिसला की तो एलएफच.

तेव्हा क्रम ठरला: आधी एन्कोडिंग तपासायचं, यूटीएफ-१६ असेल तर आयकॉन्व्हने यूटीएफ-८ करायचं, आणि मगच ओळीच्या शेवटाला हात लावायचा. मूळ फाइल जुन्या कमिटमधून काढून याच क्रमाने बदलली.

९ जून, सोमवार

आज मोठं कमिट, सगळ्या फाइलींचे शेवट नियमाप्रमाणे करणारं. नियमांची फाइल ठेवल्याने जुन्या फाइली आपोआप बदलत नाहीत. ‘टेक्स्ट=ऑटो’ असलं तरी जी फाइल आधीच सीआरएलएफने कमिट झालीय तिला गिट हात लावत नाही. त्यासाठी ‘गिट ॲड --रीनॉर्मलाइझ .’ सांगावं लागतं.

हे कमिट वेगळं ठेवलं. त्यात कोडचा एकही बदल नाही. तपासायला सोपं: ‘गिट डिफ --इग्नोर-सीआर-ॲट-ईओएल’ लावला की काहीच दिसता कामा नये. एका फाइलीत काहीतरी दिसलं. एका स्ट्रिंगच्या मध्यावर खरोखरचा सीआर टाइप केलेला होता, प्रगतीची टक्केवारी एकाच ओळीवर पुन्हा पुन्हा लिहिण्यासाठी, आणि कुणाच्या तरी एडिटरने तिथे ओळ तोडली होती. तिथे कोडमध्ये ‘\आर’ असं लिहून टाकलं. तो बदल आधी, स्वतंत्र कमिटमध्ये.

उघड्या ब्रांचचा, म्हणजे वेगळ्या फांदीवर चालू असलेल्या कामाचा प्रश्न होताच. जुन्या शेवटांवर उभी असलेली ब्रांच नव्यात मिळवायची तर प्रत्येक ओळीवर भांडण. ‘गिट मर्ज -एक्स रीनॉर्मलाइझ’ने ते टळतं: मर्जच्या आधी तिन्ही बाजू नियमाप्रमाणे सारख्या करून घेतल्या जातात. दोन ब्रांचवर करून पाहिलं, खरा संघर्ष होता तेवढाच उरला.

आणि ब्लेम, म्हणजे कुठली ओळ शेवटी कुणी बदलली हे दाखवणारी आज्ञा. या कमिटमुळे शेकडो ओळींवर माझं नाव लागणार, पुढच्या वर्षी कुणीतरी ‘हे असं का लिहिलं’ म्हणून मलाच विचारणार. कमिटचा हॅश (त्याची ओळख-खूण) .गिट-ब्लेम-इग्नोर-रेव्ह्ज या फाइलीत टाकला; ब्लेम.इग्नोररेव्ह्जफाइल सेटिंग गिट २.२३ पासून आहे. ती ज्याने त्याने आपल्या मशीनवर लावायची आहे, हे पुन्हा तेच दुखणं, पण यात मोडत काही नाही.

१० जून, मंगळवार

एका विंडोज मशीनवर स्क्रिप्ट अजून सीआरएलएफच. रिपॉझिटरीत ती आधीपासून एलएफ होती, म्हणजे तिचं ब्लॉब (गिटने साठवलेला मजकूर) बदललंच नाही. ब्लॉब बदलला नाही की पुल केल्यावर गिट फोल्डरातली प्रत पुन्हा लिहीत नाही. सगळ्यांना कळवलं: चालू काम कमिट करून पुश करा, आणि नव्याने क्लोन (रिपॉझिटरीची पूर्ण प्रत) घ्या.

१२ जून, गुरुवार

रिपॉझिटरी निवांत झाली. आता बाहेरून येणारा माल.

पुरवठादाराची रोजची फाइल आपल्या मुख्य यादीशी जुळवली जाते, शेवटच्या रकान्यातल्या ग्राहक-क्रमांकावर. काही दिवसांपासून जुळणी शून्य. स्क्रीनवर दोन्हीकडे ४०२१ दिसतो. पण त्यांच्याकडचा आहे ४०२१ आणि मागे सीआर. ओळीचे रकाने पाडणाऱ्या ऑकला तो शेवटच्या रकान्याचाच भाग वाटतो. क्रमांक मधल्या रकान्यात असता तर ही अडचण कधीच कळली नसती.

ओळखायची एक खूण नोंदवून ठेवतो. संदेश छापला होता ‘क्रमांक ४०२१ सापडला नाही’ असा. टर्मिनलवर आलं: ‘ सापडला नाही’, आणि क्रमांक त्याच्याखाली झाकला गेला. क्रमांकानंतरच्या सीआरने कर्सर ओळीच्या सुरुवातीला नेला आणि उरलेला मजकूर आधीच्या डोक्यावर छापला गेला. टर्मिनलवर संदेश असा अर्धा खाल्लेला दिसला की प्रोग्रॅमवर संशय घेण्याआधी आउटपुट कॅट -ए मधून काढून बघावं. सीआर तिथे ‘^एम’ होऊन उघडा पडतो.

सेटिंगच्या फाइलीतही हेच झालं होतं. ‘फोल्डर=/डेटा/आवक’ या ओळीच्या शेवटी सीआर, शेलने तो किमतीचा भाग धरला आणि त्या नावाचा नवा फोल्डर बनवला. ‘आवक’ नावाचे दोन फोल्डर शेजारी शेजारी, एकात फाइली येतात आणि दुसऱ्यात आपण शोधतो.

पुरवठादाराला “एलएफ पाठवा” असं सांगायचं का यावर बोलणं झालं. माझं मत नाही. सीएसव्हीसाठी आरएफसी ४१८० मध्ये ओळीचा शेवट सीआरएलएफच सांगितलाय, ते बरोबरच पाठवतायत. आयातीच्या पहिल्याच पायरीला फाइल स्वच्छ करून घेणं आपलं काम. मात्र तिथे टीआरने सगळे सीआर पुसायचे नाहीत: अवतरणातल्या रकान्यात पत्ता वगैरे असेल तर त्यात ओळ तोडलेली असू शकते. सीएसव्ही वाचणारं मॉड्यूल हे जाणतं, सेड जाणत नाही. म्हणून ही पायरी पायथनमध्ये लिहिली.

त्याच फाइलीचं दुसरं दुखणं: शेवटच्या ओळीला शेवटच नाही. पॉसिक्सच्या (युनिक्ससारख्या सिस्टिमचं मानक) व्याख्येत ओळ एलएफने संपते. न संपलेली ती अपुरी ओळ. शेलमधला ‘व्हाइल रीड’चा फेरा अशी अपुरी ओळ वाचतो खरा, पण ‘संपलं’ असा निकाल देतो, आणि फेऱ्याच्या आतलं काम तिच्यावर होतच नाही. रोज शेवटची नोंद गळत होती. डब्ल्यूसी -एल हेही फक्त एलएफ मोजतं, त्यामुळे पडताळणीचा आकडा आणि आयातीचा आकडा नेमका जुळायचा. दोघंही एकाच प्रकारे चुकत असल्यावर शंका यायची कुठून? नवी पायरी हेही झेलते. गेल्या महिन्यांच्या गळलेल्या नोंदी मूळ फाइलींतून काढून भरायला वेगळा इश्यू केला.

१६ जून, सोमवार

राखण. .एडिटरकॉन्फिग ठेवली: ‘एंड_ऑफ_लाइन = एलएफ’, ‘इन्सर्ट_फायनल_न्यूलाइन = ट्रू’, आणि .बॅटसाठी अपवाद. ही एडिटरला विनंती आहे, मानणारा मानेल. खरी अडवणूक सीआयमध्ये, म्हणजे प्रत्येक बदलावर आपोआप चालणाऱ्या तपासणीत: ‘एलएस-फाइल्स --ईओएल’चा पहिला रकाना वाचायचा, ‘सीआरएलएफ’ किंवा ‘मिक्स्ड’ दिसलं आणि फाइल ‘-टेक्स्ट’ नियमाखाली नसेल तर बिल्ड पाडायचं. .सीएसव्ही, .टीएक्सटी अशा फाइलीपुढे ‘आय/-टेक्स्ट’ दिसलं तरी पाडायचं, तो दुहेरी सीआरचा किंवा यूटीएफ-१६ चा वास.

प्री-कमिट हूक (कमिटच्या आधी चालणारी तपासणी) लावू या असंही कुणी म्हणालं. नको म्हटलं. हूक प्रत्येकाने आपल्या मशीनवर बसवायचा असतो.

१८ जून, बुधवार

सीआयने पहिली फाइल अडवली: नवा पॅच, विंडोजच्या .बॅट फाइलीसाठीचा, आत सीआरएलएफ. ती अडायला नको होती. नियम ‘*.पॅच’ असा होता आणि ही आली ‘.डिफ’ म्हणून. नियमात ‘.डिफ’ची ओळ वाढवली, टीप लिहिली ‘वाचतो: पॅच, मूळ फाइलीच्या शेवटांसकट’. बिल्ड हिरवं. २ तारखेचा इश्यू बंद केला.